नवी कोंबडी आणि जुनें खुराडें

बैल विकत घ्यावयाचा असला म्हणजे आपण त्याचे दांत पाहतों, त्याला बाजारांत चार पावलें चालवून पाहतों, आणि घरीं आणल्यावर लाळ्या-खुरकुताच्या भीतीनें कांहीं दिवस वेगळ्या दावणीला बांधतों. उसाचें बेणें दुसऱ्याच्या मळ्यांतून आणावयाचें असलें तर त्यांत काणी किंवा गवताळ वाढ नाहीं ना, हें उभ्या उसांतच पाहून घेतों. नीरेच्या डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्या वालचंदनगर, कळंब, लासुर्णें, जंक्शन या टापूंतील बागायतदारास हें कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु तोच बागायतदार बाजारांतून कोंबडी आणतो तेव्हां तिच्या पायांची सुतळी सोडतो आणि दिवेलागणीनंतर तिला जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यांत लोटतो. अंधारांत सोडली म्हणजे जुन्या कोंबड्या तिला टोंचत नाहींत, एवढीच काय ती त्याची काळजी. सकाळपर्यंत नवी कोंबडी जुन्यांत मिसळून जाते. आणि तिच्याबरोबर जें कांहीं आलेलें असतें तेंही मिसळून जातें.

हें मी दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. ही चूक माझ्याच घरीं घडली आहे. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वस्तीवर नऊ कोंबड्या व एक कोंबडा होता. जवळच्या एका आठवड्याच्या बाजारांत दोन तलंगा स्वस्त मिळाल्या. भाव इतका उतरता कां, असें विकणाऱ्यास विचारण्याचें मला सुचलें नाहीं. चवथ्या दिवशीं त्यांतील एक पिसें फुलवून कोपऱ्यांत बसली. डोळे अर्धे मिटलेले, नाकाला पाणी, विष्ठा हिरवट. आमच्या वहिनींनीं दया येऊन तिला अंगणांतच चुलीजवळ डालग्याखालीं ठेवलें, हळद व लसूण चारला, आणि त्याच हातानें इतर कोंबड्यांना दाणा टाकला. सहाव्या दिवशीं ती मेली. नवव्या दिवशीं जुन्यांपैकीं दोघी झिंगूं लागल्या. पुढल्या दहा दिवसांत बारा पाखरांपैकीं नऊ गेलीं. उरलेल्या तिहींपैकीं एकाची मान कायमची वांकडी राहिली.

बांधापलीकडे आमच्या शेतावर काम करणाऱ्या एका बाईचें घर आहे. तिच्या पांच कोंबड्या आमच्याच उकिरड्यावर चरत. त्या पांचही मेल्या. अंड्यांच्या पैशांवर तिच्या घरचें मीठ-तेल चाले. ती तक्रार घेऊन आली नाहीं. विहिरीवर भेटली तेव्हां, “दादा, तुमच्याबी मेल्या न्हवं?” एवढेंच तिनें विचारलें. ती माझ्या नुकसानीची विचारपूस करीत होती. तिचें नुकसान माझ्या दारांतून गेलें होतें, हें तिला ठाऊक नव्हतें. आणि त्या दिवशीं मींही तें सांगितलें नाहीं.

याच दिवसांत घरांत आणखी एक सूचना निघाली होती. ज्या चार कोंबड्या अद्याप उभ्या होत्या त्या मरण्यापूर्वीं बाजारांत नेऊन विकाव्या, म्हणजे निदान चार पैसे हातीं येतील, असें घरांतील वडील मंडळींचें म्हणणें पडलें. तें ऐकल्यावर माझ्या दोन तलंगा स्वस्त कां मिळाल्या, याचा उलगडा झाला. कोणातरी गृहस्थाच्या घरीं हीच सूचना निघाली असेल व ती अमलांत आली असेल. रोग एका गांवाहून दुसऱ्या गांवीं वाऱ्यानें जातो अशी आपली समजूत आहे. पुष्कळ वेळां तो पाटींतून व दुचाकीच्या मागें बांधलेल्या खोक्यांतून, पैसे मोजून घरीं आणला जातो. आम्हीं त्या चारही कोंबड्या विकल्या नाहींत. त्यांतील तीन मेल्या त्या चुना टाकून खोल खड्ड्यांत पुरल्या.

पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टरांनीं लक्षणांवरून हा राणीखेत रोग, म्हणजे आपल्याकडे ज्यास मानमोडी म्हणतात तो, असें सांगितलें. १९२६ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें व जावा बेटांत, आणि १९२७ सालीं आपल्या देशांत कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तो ओळखला गेला. म्हणून इंग्लंडांत त्यास न्यूकॅसलचें व आपल्याकडे राणीखेतचें नांव चिकटलें. तो विषाणूचा रोग असल्यामुळें एकदां जडल्यावर त्यावर औषध नाहीं. लस मात्र आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणें दिसूं लागेपर्यंत त्यास दोनपासून पंधरा दिवस लागतात, बहुधा पांच-सहा. बाजारांत हातांत घेतलेली कोंबडी डोळ्यांनीं कितीही चपळ दिसली तरी तिच्या पोटांत काय आहे, हें त्या दिवशीं कोणासही कळणें शक्य नाहीं. तें काळच सांगतो, आणि तेवढा काळ देणें आपल्या हातीं आहे.

यास्तव माझें मत असें आहे कीं, नवी कोंबडी आजारी दिसो वा निरोगी दिसो, ती तीस दिवस कळपाबाहेर राहिली पाहिजे. आणि त्या मुदतींत ती आजारी पडली तर तिच्यावर उपचार अवश्य करावा, परंतु तो तेथेंच करावा. ही ज्याच्या त्याच्या मर्जीची गोष्ट समजूं नये. आपल्या कोंबड्या बांध ओळखीत नाहींत. म्हणून हें शेजाऱ्याचें देणें समजावें.

वेगळें ठेवण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा शहरानें १३७७ सालीं प्लेगाच्या भयानें बाहेरून येणारांस तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा नियम केला; पुढें व्हेनिसच्या लोकांनीं चाळीस दिवस धरले, आणि चाळीस या अर्थाच्या त्यांच्या शब्दावरून क्वारंटीन हा शब्द निघाला. १८९६-९७ च्या प्लेगांत आपल्या देशावरचे लोक घरें सोडून माळावर झोंपड्या घालून राहिले. २०२० सालीं करोनाच्या सांथींत पुण्या-मुंबईहून गांवीं आलेल्या आपल्याच मुलांना आपण शाळेच्या इमारतींत चौदा दिवस राहावयास लावलें. पोटच्या पोरांस जो नियम लावला तो बाजारच्या कोंबडीस लावण्यांत निष्ठुरपणा कसला?

आतां व्यवस्था कशी करावी तें सांगतों. विलगवासाची जागा जुन्या खुराड्यापासून निदान तीस-चाळीस फूट दूर असावी. जितकी अधिक दूर तितकी बरी. आपल्या भागांत पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून वाहतो. तेव्हां ही जागा खुराड्याच्या पूर्वेस धरावी, म्हणजे तेथील वारा जुन्या कोंबड्यांवरून जाणार नाहीं. एखादें पडकें छप्पर जाळी लावून बंद केलें तरी चालतें. खालीं कोरडी माती व राख पसरावी. उसाचें पाचट पसरावयाचें तर तें पूर्ण वाळलेलें व बारीक केलेलें असावें. ओलें व बुरसटलेलें पाचट वा चोयट्या कदापि घालूं नये, कारण त्या बुरशीनें कोंबड्यांचीं फुप्फुसें बिघडतात. दाण्याचें व पाण्याचें भांडें वेगळें, झाडणी वेगळी, शक्य तर त्या जागेच्या दाराशीं ठेवलेली चप्पलही वेगळी.

यांहूनही महत्त्वाचा नियम कामाच्या क्रमाचा आहे. आधीं जुन्या निरोगी कोंबड्यांस दाणापाणी करावें, मग नवीकडे जावें, आणि सर्वांच्या शेवटीं आजारीकडे. तेथून परतल्यावर साबणानें हातपाय धुवावे व पुन्हां खुराड्याकडे फिरकूं नये. आमच्या घरीं जागा दूर असती तरी हा क्रम चुकल्यामुळें रोग पसरलाच असता, कारण तो वहिनींच्या हातांवर बसून गेला. हा नियम घरांतील स्त्रियांना नीट समजावून सांगितला पाहिजे. बहुतेक घरीं कोंबड्यांची सारी जोपासना त्याच करतात, आणि खरेदी मात्र त्यांना न विचारतां पुरुष करतात, ही आपल्याकडील मोठी उणीव आहे.

पहिल्या दिवशींच कोंबडी हातांत घेऊन तपासावी. पंखांखालीं व गुदद्वाराभोंवतीं उवा, पंखांखालीं व पायांशीं गोचीड, तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं देवीचे फोड, नाकपुड्यांशीं चिकटा, श्वासांत घरघर आणि विष्ठेचा रंग, इतकें पाहावें. कोंबड्यांची गोचीड दिवसां भिंतीच्या व लांकडाच्या फटींत लपते व रात्रीं रक्त पिते. ती एकदां जुन्या खुराड्यांत शिरली म्हणजे तिला काढतां काढतां वर्ष जातें. विष्ठेंत जंत दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें जंताचें औषध याच मुदतींत द्यावें, म्हणजे जंतांचीं अंडीं आपल्या अंगणांत पडत नाहींत.

कोंबडी आजारी पडलीच, तर प्रथम तिला ऊब, सावली व स्वच्छ पाणी द्यावें. पाण्यांत थोडा गूळ घालावा. ज्वारी-बाजरीच्या कण्या मऊ शिजवून पुढें ठेवाव्या. चोंच उघडून घशांत पाणी ओतण्याची आपल्याकडे चाल आहे ती सोडावी. तें पाणी श्वासनळींत जाऊन आजारापेक्षां उपचारानेंच कोंबडी दगावते. हळद-लसूण देण्यास हरकत नाहीं, पण त्यावर विसंबून डॉक्टरांस बोलावण्यास विलंब करूं नये. घरांत कोणाच्या तापासाठीं आणलेल्या गोळ्या अंदाजानें चारणें हें तर सर्वथा वर्ज्य. त्या मात्रेनें रोग जात नाहीं, रोगजंतु मात्र औषधास सरावतात. डॉक्टरांनीं दिलेलें औषध चालू असतां व त्यानंतर ते सांगतील तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं खाऊं नयेत व विकूंही नयेत.

रक्ती हगवणीवर वेळेवर औषध मिळाल्यास कोंबडी बरी होते. तिचे जंतु दमट जमिनींत जिवंत राहतात, म्हणून तिची जागा कोरडी राखणें हें औषधाइतकेंच अगत्याचें आहे. देवीच्या खपल्या ओढून काढूं नयेत. त्यांत विषाणु महिनोंमहिने जिवंत राहतो, आणि डांसही तो रोग पसरवितात. सर्दीनें एका बाजूचा चेहरा सुजलेली कोंबडी औषधानें उठते. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सर्दीच्या व जुनाट श्वासविकाराच्या कांहीं जातींत बरी झालेली कोंबडी रोग स्वतःजवळ बाळगून राहते व पुढें थंडी-पावसाच्या दिवसांत तो इतरांस देते. अशी कोंबडी दाणा खाऊं लागली, आरवणाऱ्या कोंबड्याबरोबर धांवूं लागली, तरी ती निर्दोष झाली असें नव्हे. तिला कळपांत घ्यावें कीं नाहीं हें डॉक्टरांना विचारूनच ठरवावें, आणि त्यांनीं नको म्हटल्यास मोह सोडावा.

तीस दिवसांचा हिशेब कोंबडी आणल्याच्या दिवसापासून धरावा, पण मध्यें आजार झाला तर ती पूर्ण बरी झाल्या दिवसापासून पुन्हां मोजावा. मुदत संपत आल्यावर आपल्या जुन्या कोंबड्यांपैकीं एखादी, जिच्यावांचून अडणार नाहीं अशी, आठ-दहा दिवस तिच्या सोबतीस ठेवावी. ती निरोगी राहिली म्हणजे मग दोघींना कळपांत सोडावें. ही शेवटची कसोटी डोळ्यांच्या कोणत्याही परीक्षेपेक्षां खात्रीची आहे.

यावर तीन आक्षेप निघतात. पहिला असा कीं, एका कोंबडीच्या किमतीपेक्षां ही यातायात महाग पडते. हा हिशेब नव्या कोंबडीची किंमत धरून केला जातो, हीच त्यांतील चूक. विलगवास हा नव्या कोंबडीसाठीं नसून जुन्या दहा कोंबड्यांसाठीं आहे, आणि शेजारच्या घरच्या पांचांसाठीं आहे. दुसरा आक्षेप असा कीं, देशी कोंबडी काटक असते, तिला कांहीं होत नाहीं. देशी कोंबडी ऊन, भूक व घार यांस पुरून उरते हें खरें. राणीखेतीस ती पुरून उरत नाहीं. आमच्या मेलेल्या नऊही देशीच होत्या. तिसरा आक्षेप असा कीं, उपचाराची उठाठेव कशाला, आजारी दिसतांच मान मुरगाळावी. ज्या रोगावर उपाय नाहीं व जो सर्वांस मारणारा आहे, तेथें डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाखरूं नष्ट करणें हाच दयेचा मार्ग आहे, हें मी मान्य करतों. परंतु साध्या हगवणीच्या व जंताच्या कोंबडीस मारून टाकणें हा आळस आहे. आणि मान मुरगाळून ती शिजविणें, पिसें व आंतडीं उकिरड्यावर फेंकणें, हा तर रोग वाटण्याचा प्रकार आहे.

या शेवटच्या गोष्टींत हयगय किती महागात पडते हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्या मरूं लागल्या तेव्हां हा नेहमींचा राणीखेतच आहे अशी पुष्कळांची समजूत होती. भोपाळच्या प्रयोगशाळेंतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारीस तो बर्ड फ्लू असल्याचें जाहीर झालें. देशांतील कोंबड्यांत तो प्रथमच सांपडला होता. त्यानंतर तीन किलोमीटरांच्या वर्तुळांतील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यांत मोठ्या शेडींबरोबर गोरगरिबांच्या परसांतल्याही गेल्या. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं पुन्हां तोच प्रसंग आला. आपल्या तालुक्यांत तर भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर दर हिंवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. त्यांना पाहून आनंद मानावा. पण धरणकांठच्या वस्त्यांनीं आपल्या कोंबड्या व बदकें त्या पाण्यावर सोडूं नयेत. राणीखेत आणि बर्ड फ्लू हे दोन रोग केवळ डोळ्यांनीं वेगळे ओळखतां येत नाहींत. म्हणून एकाहून अधिक पाखरें अकस्मात् मेलीं, तुरे व गलोल निळे-जांभळे पडले, डोकीं सुजलीं, तर घरीं कोंबडी चिरून पाहण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. मेलेल्या पाखरास उघड्या हातांनीं शिवूं नये, मुलांना दूर ठेवावें, आणि त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

२००९ च्या केंद्रीय कायद्यानें अनुसूचींतील सांसर्गिक रोगांचा संशय आल्यास गांवच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळविणें आणि आजारी जनावर इतरांपासून वेगळें करणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. राणीखेत व बर्ड फ्लू हे दोन्ही रोग त्या अनुसूचींत आहेत. ज्यांच्या शेतांत मांसाच्या कोंबड्यांच्या शेडी आहेत त्यांना हें विशेषेंकरून सांगणें आहे. शेडींत एका वयाचीं पिलें एकदम घेऊन एकदम काढतात, दाराशीं पाय बुडविण्यास औषधाचें पाणी ठेवतात; आणि शेडीचा गडी मात्र घरीं बाजारची नवी कोंबडी हाताळून सकाळीं कामावर येतो. अशा शेतावर परसांतल्या कोंबड्या ठेवूंच नयेत हें उत्तम.

आतां उपायाची एक बाजू अशी आहे कीं जी एकट्या शेतकऱ्याच्या हातची नाहीं, ती संघाच्या हातची आहे. राणीखेतीची लस पुण्यास औंध येथील सरकारी संस्थेंत तयार होते. पिलांना पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत वा नाकांत थेंब टाकून व पुढें सुमारें आठ आठवड्यांच्या वयास टोंचून ती देतात. परंतु एका कुपींत शंभर किंवा अधिक पाखरांची लस असते, व ती एकदां पातळ केल्यावर थोड्या तासांत वापरून संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठीं कुपी फोडण्यास कोणी धजत नाहीं, आणि म्हणून वस्त्यांवरील बहुतेक कोंबड्या लसीवांचून राहतात. हें कोडें सोडविणें अगदीं सोपें आहे. प्रत्येक वस्तीनें एक दिवस ठरवावा, संघानें दवाखान्याशीं बोलून बर्फाच्या डब्यांतून लस आणवावी, आणि बागायतदाराच्या व मजुराच्या कोंबड्या एकाच दिवशीं टोंचून घ्याव्या. मजुराच्या कोंबड्या वगळल्या तर आपल्या टोंचून उपयोग थोडा. लस निरोगी पाखरांसच द्यावी. ती अंगीं लागण्यास सुमारें दोन आठवडे जातात, म्हणून नव्या कोंबडीस ती विलगवासांतच, प्रकृति ठीक दिसतांच द्यावी, म्हणजे कळपांत जातेवेळीं ती सुरक्षित असते.

गेल्या ज्येष्ठांत मीं त्या बाईस घडलेली हकीकत सांगितली आणि पांच तलंगा आणून दिल्या. पुष्कळ वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग, “आधीं त्यांना लांबच ठिवा,” एवढें म्हणाली. त्या पांच तलंगा तीस दिवस आमच्या पूर्वेकडील छपरांत होत्या, आणि दाणा घालण्याचा क्रम ती रोज स्वतः येऊन पाहत असे. या दिवाळीपूर्वीं आपल्या वस्तीवर लस टोंचण्याचा एक दिवस ठरावा, आणि त्या दिवसाची वर्दी बांधापलीकडच्या घरीं प्रथम पोंचावी, अशी संघाच्या सभासदांस माझी विनंती आहे.